पैशाचा इतिहास वाचून पैशाचे निर्णय सुधारतात का?

टिपणवही
गेले काही महिने पैशाचा इतिहास वाचतेय. नाणी, नोटा, कर्जं, बँका, चलनवाढ, बुडालेल्या कंपन्या, जे हाती लागेल ते. सुरुवात निव्वळ कुतूहलाने झाली, पण आता मनात एक प्रश्न घोळतोय, तो इथे मांडते.

पैशाबद्दल आपल्याला जो सल्ला मिळतो तो बहुतेक वेळा 'काय घ्यावं, कधी विकावं' एवढ्यापुरता असतो. पैसा मुळात चालतो कसा, हे कुणी सांगत बसत नाही. इतिहास वाचताना मला एक गोष्ट सारखी दिसत राहिली: आपल्या हातात असतं ते कुणीतरी दिलेलं वचन. ठेव हे बँकेचं वचन, रोखा हे सरकारचं, कर्ज हे आपण दुसऱ्याला दिलेलं. ते वचन निभावलं गेलं नाही तर झळ कुणाला, हे बहुधा आधीच ठरलेलं असतं. आपण फक्त विचारलेलं नसतं.

एक उदाहरण देते. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याची कायदेसंहिता पावणेचार हजार वर्षांपूर्वीची. तीत व्याजाची कमाल मर्यादा आहे: चांदीच्या कर्जावर २० टक्के, धान्याच्या कर्जावर साधारण ३३ टक्के. पण मला थबकवलं ते ४८ व्या कलमाने. वादळाने शेत वाहून गेलं किंवा पाण्याअभावी पीक आलं नाही, तर त्या वर्षी कर्जदाराने धान्य द्यायचं नाही आणि त्या वर्षाचं व्याजही नाही. म्हणजे वाईट वर्षाची झळ कुणी सोसायची, हे त्या लोकांनी चक्क मातीच्या पाटीवर आणि दगडावर कोरून ठेवलं होतं. हे वाचल्यावर मी माझा स्वतःचा कर्जाचा करार काढून बसले आणि त्यात 'वाईट वर्ष' कुठे आहे ते शोधलं.

तर प्रश्न असा: इतिहासातली एखादी गोष्ट माहीत होती म्हणून तुम्ही पैशाचा एखादा निर्णय वेगळा घेतलात का? की हे सगळं वाचनाच्या आनंदापुरतंच?

वाटसरू
जबरदस्त विषय. रुमाल टाकून ठेवतो, सवडीने लिहितो.

गणिती
विषय रंजक आहे, पण मी असहमत.

निर्णयासाठी दोन गोष्टी नीट समजल्या की पुरतं: चक्रवाढ आणि चलनवाढ. ७२ ला दराने भागा, की रक्कम दुप्पट किंवा तिची ताकद निम्मी व्हायला लागणारी वर्षं मिळतात. महागाई ६ टक्के असेल तर साधारण १२ वर्षांत पैशाची ताकद निम्मी होते. हे कळायला बाबिलोनला जायची गरज नाही.

आणि नुसत्या ज्ञानाने काय होतं त्याचा नमुना म्हणजे न्यूटन. १६९९ पासून तो इंग्लंडच्या टांकसाळीचा प्रमुख होता. नाण्यातलं सोनं-चांदी, खोटी नाणी, वजनं याबद्दल त्याच्याइतकी माहिती त्या काळी क्वचितच कुणाला असेल. १७२० मध्ये साउथ सी कंपनीचे शेअर त्याने आधी चांगल्या नफ्यात विकले. भाव चढतच गेला तसा तो पुन्हा चढ्या भावात आत शिरला आणि मोठी रक्कम गमावून बसला. तिथे माहिती कमी पडली नव्हती, इतरांना कमावताना बघणं असह्य झालं होतं.

अबोली
गणिती, 'इतिहासाचा उपयोग नाही' हे पटवायला तुम्ही १७२० चा इतिहासच वापरलात की! :)

आणि तो ७२ चा नियमही जुनाच आहे. इटालियन गणितज्ञ लुका पाचोलीच्या १४९४ च्या गणिताच्या ग्रंथात तो सापडतो.

गणिती
हा हा, पाचोलीचं माहीत नव्हतं. हा मुद्दा तुमचा. बाकी मत कायम.

नाणेसंग्राहक
टिपणवहीताई, फार दिवसांनी मनासारखा धागा.

माझ्या संग्रहात एक जर्मन नोट आहे. मूळ छपाई १००० मार्कांची, तारीख १५ डिसेंबर १९२२. त्यावर लाल शाईत दुसरा मजकूर छापलाय: एक मिलियार्ड मार्क, म्हणजे आपल्या भाषेत १०० कोटी. नवी नोट काढायलाही सवड नव्हती, म्हणून जुन्याच कागदावर दहा लाख पट आकडा छापला आणि दिली बाजारात सोडून. जवळून पाहिलं तर खालचे हजार मार्क अजून स्वच्छ वाचता येतात. त्या काळच्या कित्येक नोटा तर एकाच बाजूने छापलेल्या आहेत.

१९१४ मध्ये एका डॉलरला ४.२ मार्क पडायचे. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी. हे आकडे सगळेच सांगतात. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की बुडालं कोण. सट्टेबाज नव्हे. ज्यांनी शहाणपणाने वागून सरकारी रोखे घेतले, बचत खात्यात पैसे ठेवले, ठरावीक पेन्शनवर विसंबले, ते बुडाले. ज्यांच्याकडे घर, शेत, कारखाना होता ते पुष्कळसे तगले. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतं त्यांचं कर्ज कागदाच्या भावाने फिटलं.

माझ्या निर्णयावर याचा परिणाम झाला का? झाला. सगळी बचत एकाच प्रकारच्या वचनात ठेवायची नाही, हे मी तेव्हापासून पाळतो. मग ते वचन कितीही भक्कम दिसो.

मध्यरात्र
म्हणजे मोठं कर्ज काढायचं आणि चलनवाढीची वाट बघत बसायचं. ठरलं!

नाणेसंग्राहक
मध्यरात्र, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, १९२५ मध्ये जर्मनीने कायदा करून जुनी गहाणकर्जं मूळ सोन्याच्या मूल्याच्या २५ टक्क्यांवर पुन्हा उभी केली. फिटलं म्हणून हात झटकलेल्यांकडे पुन्हा मागणी आली. दोन, उलटही घडतं. अमेरिकेत १९२९ ते १९३३ दरम्यान भाव सुमारे पाव हिश्श्याने उतरले. मजुरी घटली, धान्याचा भाव पडला, पण कर्जाचा आकडा जागचा हलला नाही. शेतकऱ्यांच्या जमिनी त्यातच गेल्या. अर्थतज्ज्ञ आयर्विंग फिशरने १९३३ मध्ये नेमकं हेच मांडलं, की लोक जितकं कर्ज फेडायला धडपडतात तितके भाव पडतात आणि उरलेलं कर्ज तितकं जड होतं.

मध्यरात्र
बेत रद्द.

रेवा
मी इतिहास फारसा वाचलेला नाही, पण एक अनुभव सांगते.

बाबांच्या कागदपत्रांत एक जुनी विमा पॉलिसी होती. पिवळा पडलेला जाड कागद, रकमेचा आकडा टंकलेला आणि खाली तीच रक्कम शाईच्या पेनाने अक्षरी लिहिलेली. आई सांगते, ती घेतली तेव्हा त्या रकमेत घर उभं राहिलं असतं. मुदत संपली तेव्हा पै न् पै मिळाली. कुणी फसवलं नाही, कुणी उशीर केला नाही. पण त्या रकमेत तेव्हा घरखर्चाचे जेमतेम काही महिने निघाले.

टिपणवही म्हणते ते वचन इथे पूर्ण पाळलं गेलं होतं. फक्त ते आकड्याचं वचन होतं आणि बाबा ते घराचं समजत होते.

तेव्हापासून मी माझी उद्दिष्टं रकमेत लिहीतच नाही. 'एवढ्या वर्षांचा घरखर्च', 'मुलीच्या शिक्षणाची इतकी वर्षं' असं लिहिते आणि दर वर्षी त्या दिवशीच्या भावाने आकडा नव्याने काढते.

अबोली
रेवा, +१००. वहीत उतरवून घेतलं.

जुना वाचक
एवढी चर्चा झाली आणि सोन्याचं नाव कुणी काढेना!

रोमन दिनार घ्या. सुरुवातीला जवळजवळ शुद्ध चांदी. नीरोने इ. स. ६४ च्या सुमारास हात घातला, पुढे एकेका सम्राटाने थोडी थोडी चांदी काढत नेली आणि तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात नाण्यावर चांदीचा नुसता मुलामा उरला. मग भाव भडकले, तेव्हा डायोक्लिशनने ३०१ मध्ये हजाराहून अधिक वस्तूंचे कमाल भाव ठरवून दिले आणि मोडणाऱ्याला देहदंड. तरी भाव काही आटोक्यात आले नाहीत. सत्ता कुणाचीही असो, चलन पातळ करायचा मोह सुटत नाही. सोनं पातळ करता येत नाही. मला इतिहासातून मिळालेला धडा एवढाच.

गणिती
काका, आता मीच इतिहास सांगतो. जानेवारी १९८० मध्ये सोनं ८५० डॉलर औंसापर्यंत गेलं. १९९९ मध्ये ते २५० च्या आसपास होतं. १९८० चा आकडा पुन्हा ओलांडला २००८ मध्ये, आणि तोही महागाई न धरता. एखाद्याचं अख्खं नोकरीचं आयुष्य त्यात जातं. 'सोनं पाच हजार वर्षं टिकलं' हे खरं, पण पाच हजार वर्षं थांबायला कुणाकडे वेळ आहे?

नाणेसंग्राहक
शिवाय १९३३ ची अमेरिका. रुझवेल्टने आदेश काढला आणि लोकांना बहुतेक सोनं २०.६७ डॉलर औंसाने बँकेत जमा करावं लागलं. जानेवारी १९३४ मध्ये सरकारने भाव ३५ केला. धातू पातळ झाला नाही, पण तो जवळ ठेवायचा हक्कच कायद्याने काढून घेतला.

जुना वाचक
दोन्ही मुद्दे मान्य. मी सोनं वाढीसाठी ठेवतच नाही, घराच्या विम्यासारखं ठेवतो. पण ते सोनं कुठे, कुणाच्या नावावर, कोणत्या कायद्याखाली आहे, हा विचार केला नव्हता. विचार करायला लावलात.

पाणपोई
धातूवरून आठवलं. दक्षिण अमेरिकेतला पोतोसीचा चांदीचा डोंगर स्पेनच्या हाती लागला १५४५ मध्ये. जहाजं भरभरून चांदी आली. पुढच्या दीडशे वर्षांत युरोपातले भाव कित्येक पट झाले, कारण माल तेवढाच आणि चांदी मात्र दुप्पट-चौपट. म्हणजे खणून काढलेला पैसाही स्वस्त होतो.

पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो स्पेनचा राजा. दुसऱ्या फिलिपने १५५७, १५६०, १५७५ आणि १५९६ मध्ये सावकारांची देणी थांबवली. जगातला चांदीचा सर्वांत मोठा साठा ज्याच्या नावावर, त्याने चार वेळा हात वर केले! जहाज बंदराला लागायच्या आतच चांदी जिनोव्हाच्या आणि जर्मन सावकारांकडे गहाण पडलेली असायची. युद्धं थांबत नव्हती आणि पुढच्या जहाजाचा भरवसा होता.

हे वाचल्यापासून न आलेल्या पैशावर मी काही ठरवत नाही. बोनस, थकबाकी, विक्रीचे पैसे, जे काही असेल ते खात्यात दिसू दे, मग बोलू. घरात याला आम्ही 'फिलिपचं जहाज' म्हणतो. कुणी फार उत्साहात आलं की दुसरा विचारतो, "जहाज लागलं का?"

मध्यरात्र
हे आमच्या घरातही सुरू करतो!

अबोली
थोडं अवांतर, पण राहवत नाही.

शाळेत आपण शिकलो की आधी वस्तुविनिमय, त्यातून अडचणी, म्हणून पैसा. मानववंशशास्त्रज्ञांना मात्र निव्वळ वस्तुविनिमयावर चालणारा समाज कुठे सापडलेला नाही. ओळखीच्या माणसांत उधारी चालायची आणि ती लक्षात ठेवली जायची. मेसोपोटेमियात नाण्यांच्या दोन हजार वर्षं आधीपासून मंदिरांचे हिशेब आहेत, चांदीच्या वजनात आणि जवात. नाणी आजच्या तुर्कस्तानातल्या लिडियात आली ती इ. स. पूर्व सातव्या शतकात. म्हणजे हिशेब आधी, नाणं नंतर.

आणि पॅसिफिक महासागरातल्या याप बेटावर पैसा म्हणून चालणाऱ्या त्या दगडी चकत्या! काही माणसापेक्षा उंच. त्या हलवतच नाहीत, मालक कोण ते सगळ्यांनी लक्षात ठेवायचं. एक चकती वाहून आणताना समुद्रात बुडाली, तरी तिची मालकी सगळ्यांनी मान्य केली अशी गोष्ट सांगतात.

नाणेसंग्राहक
मग स्वीडनचंही घ्या. १६४४ मध्ये त्यांनी तांब्याचं १० डालरचं 'नाणं' पाडलं. वजन १९.७ किलो.

मध्यरात्र
वीस किलोचं नाणं! चोरालाही बैलगाडी लागली असेल.

नाणेसंग्राहक
त्या ओझ्यापायीच तर युरोपातल्या पहिल्या बँकनोटा तिथे निघाल्या. स्टॉकहोम्स बँको, १६६१. लोकांना कागद इतका सोयीचा वाटला की बँकेचा संस्थापक योहान पाल्मस्ट्रुखने तिजोरीत होतं त्याहून कितीतरी जास्त कागद वाटला. लोक धातू मागायला आले, बँक कोसळली. चीनमध्ये सिचुआनात हे सहा शतकं आधी घडलं होतं. लोखंडी नाण्यांचं ओझं, व्यापाऱ्यांनी काढलेल्या पावत्या, मग पावत्या जास्त आणि नाणी कमी. शेवटी १०२० च्या दशकात सरकारने ते काम आपल्याकडे घेतलं.

वाटसरू
आणि आपला तुघलक? त्याला सगळे वेडा म्हणून मोकळे होतात.

नाणेसंग्राहक
कल्पना वेडेपणाची नव्हती. १३२९-३० च्या सुमारास त्याने तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या किमतीला चालवायला काढली. चीनचा कागद चालत होताच. पण तांब्याचं नाणं कुणीही ठोकू शकत होतं आणि खरं-खोटं ओळखायची सोय नव्हती. त्या काळचा इतिहासकार बरनी लिहितो की घरं टांकसाळी झाली. शेवटी तुघलकाने ती नाणी खजिन्यात परत घेऊन बदल्यात चांदी-सोनं दिलं. किल्ल्यापाशी तांब्याचे ढीग साचले. त्याने वचन पाळलं, भुर्दंड खजिन्याला बसला. कित्येक राजांनी एवढंही केलं नाही.

कोरा कागद
आतापर्यंत नुसती वाचत होते. गणितींच्या बाजूने थोडं बोलते.

माझी एक मैत्रीण हे असंच वाचत गेली आणि इतकी घाबरली की बरीच वर्षं तिने कशातच पैसे गुंतवले नाहीत. कोणतंही पान उघडलं की कोसळणंच. आज १९२९, उद्या २००८, परवा झिम्बाब्वे. तिच्या खात्यातल्या पैशाचं मोल दर वर्षी मुकाट्याने घटत होतं आणि ती सावध राहिल्याच्या समाधानात होती.

इतिहास लिहिणारे कोसळलेलंच लिहितात, कारण सुरळीत वर्षांत लिहिण्यासारखं काही नसतं. जिथे ठेवीदारांना तीस वर्षं व्याज वेळेवर मिळालं त्या बँकेवर कोण पुस्तक लिहिणार? वाचणाऱ्याला मग जग आहे त्याहून धोक्याचं वाटू लागतं. ज्याला सोनं आवडतं त्याला रोम सापडतं, ज्याला शेअर आवडतात त्याला सोन्याची ती वीस-तीस वर्षं सापडतात. इतिहासात सगळ्यांसाठी सगळं आहे.

गणिती
कोरा कागद, मला म्हणायचं होतं ते तुम्ही जास्त नेमकं मांडलंत.

टिपणवही
हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते.

घटनेपाशीच थांबलं तर भीती वाटते. पुढे काय झालं आणि कुणाचं झालं, तेही वाचावं लागतं. जपानचा शेअर निर्देशांक निक्केई १९८९ च्या अखेरीस ३८,९१५ वर होता आणि तो आकडा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. चौतीस वर्षं. ऐकूनच पोटात गोळा येतो. पण हा आकडा त्याचा, ज्याने सगळी पुंजी नेमकी शिखरावर लावली आणि लाभांशही मोजला नाही. जो दर महिन्याला थोडं थोडं घालत राहिला त्याची सरासरी किंमत कितीतरी खाली आली. आणि ज्याने जपानबाहेरही गुंतवलं त्याची गोष्ट तिसरीच. अमेरिकेच्या डाऊ निर्देशांकाचंही तसंच: सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१, जुलै १९३२ मध्ये ४१, आणि मूळ जागी यायला १९५४. यातून 'शेअर वाईट' हे निघत नाही. पाच वर्षांत लागणारा पैसा तिथे नसावा आणि सगळं एकाच देशाच्या एकाच बाजारावर लावू नये, हे मात्र निघतं.

त्यामुळे इतिहासाने मला काय विकत घ्यावं ते सांगितलं नाही, हे गणिती म्हणतात ते बरोबरच आहे. पण कुठलाही कागद समोर आला की पूर्वी मी परतावा किती ते आधी बघायचे. आता बघते की हे देणं कुणाचं आहे आणि त्याला देता आलं नाही तर रांगेत माझा नंबर कितवा. सायप्रसमध्ये २०१३ साली १ लाख युरोपर्यंतच्या ठेवी सुरक्षित राहिल्या आणि अडचणीतल्या दोन मोठ्या बँकांत त्यावरच्या रकमांना मोठी कात्री लागली. ही मर्यादा आधीपासून लिहिलेली होती. तुमच्या बँकेत ठेवविम्याची मर्यादा किती, हे इथल्या किती जणांना न बघता सांगता येईल?

वाटसरू
कूटचलनालाही हाच प्रश्न लावायचा का?

टिपणवही
हो, आणि लावला की सगळी कूटचलनं एका माळेची नाहीत हे लगेच दिसतं. बिटकॉइनमागे कुणाचंच वचन नाही. संख्या जास्तीत जास्त २.१ कोटी एवढाच नियम, भाव समोरचा देईल तो. 'एक नाणं म्हणजे कायम एक डॉलर' म्हणणारी जी असतात, त्यांच्यात मात्र कुणीतरी वचन देतंय. तिथे पाल्मस्ट्रुखला विचारायला हवा होता तोच प्रश्न: तिजोरीत काय आहे? टेराचं डॉलर-नाणं मे २०२२ मध्ये कोसळलं. त्याच्यामागे मुख्यतः त्याच घरचं दुसरं नाणं उभं होतं.

वाटसरू
पटलं. मग रुमाल उचलून माझा खरा प्रश्न विचारतो. भाची परदेशी शिकायला निघाली आहे. तिला दोन ठिकाणांहून शिक्षणकर्ज मिळतंय. एक इथल्या चलनात, व्याज जास्त. दुसरं तिकडच्या चलनात, व्याज बरंच कमी. घरात सगळ्यांचं मत स्वस्त कर्जाकडे. इतिहास काय म्हणतो?

पाणपोई
हंगेरी बघा. २००० च्या दशकात तिथल्या हजारो कुटुंबांनी स्विस फ्रँकमध्ये घरकर्जं घेतली, कारण व्याज स्थानिक दरापेक्षा कितीतरी कमी. पगार मात्र फोरिंटमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात. २००८ नंतर फोरिंट घसरला आणि पगार तोच असताना हप्ते फुगत गेले. शेवटी सरकारला कायदा करून ती कर्जं फोरिंटमध्ये बदलावी लागली. पोलंडमध्येही तीच फ्रँकची कर्जं होती, आणि जानेवारी २०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरोच्या तुलनेत फ्रँकच्या भावाला घातलेली मर्यादा काढली तेव्हा तिथल्या कर्जदारांना एका सकाळीत धक्का बसला.

गणिती
कमी व्याज हे फुकट नसतं, चलन घसरण्याची जोखीम तुम्ही घेताय त्याची ती सूट असते. हिशेब करून बघा: व्याजातला फरक ४ टक्के असेल आणि इथलं चलन वर्षाला त्याहून जास्त घसरलं, तर स्वस्त कर्जच महाग पडतं.

रेवा
पण तिचा पगार कुठल्या चलनात असणार यावरच सगळं आहे ना? तिकडेच नोकरी केली तर तिकडचं कर्ज बरं. शिकून परत आली तर इथलं.

पाणपोई
अगदी तेच. कमाई ज्या चलनात, कर्ज त्या चलनात. आणि तिकडे नोकरी मिळाली नाही, तरी फेडता येईल का हेही मांडून बघा. व्हिसा काही आपल्या हातात नसतो.

वाटसरू
आम्ही सगळे व्याजदराचे तक्ते करत बसलो होतो. तिला परत यायचंय की नाही, हे अजून कुणी विचारलेलंच नाही. आज फोन करतो.